कार्यक्रम संपायचा, मग आपण उठायचो. आता?

पाणवठा | शुक्रवार, रात्री ११.५०

गेल्या आठवड्यात रात्री दोनच्या सुमारास पाणी प्यायला उठले, तर आईच्या खोलीच्या दाराखालून निळसर उजेड येत होता. दार ढकललं. आई कुशीवर पडलेली, कानात इअरफोन, फोन नाकापासून वीतभर अंतरावर. अंगठा आपोआप वर सरकत होता. तिचं वय ७२. हाक मारली, ऐकू गेली नाही. खांद्याला हात लावला तेव्हा दचकली आणि म्हणाली, "अगं, झोपणारच होते. पण हे संपतच नाही."

हे वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

"टीव्ही : शाप की वरदान" हा निबंध आपण सगळ्यांनीच शाळेत लिहिलाय. अर्धं पान शाप, अर्धं पान वरदान, शेवटी "वापर आपल्या हातात आहे". तो निबंध मला इथे नकोय. तुमच्या घरात नेमकं काय घडलं ते सांगा. चांगलं, वाईट, दोन्ही.

आधी माझं म्हणणं मांडते. टीव्हीने आपला भरपूर वेळ खाल्ला, पण टीव्हीवरचा कार्यक्रम संपायचा. मालिका अर्ध्या तासाची, बातम्या ठरलेल्या वेळी, आणि रात्री तर प्रक्षेपणच थांबायचं. मग कुणीतरी उठून बटण बंद करायचं. पुढे चोवीस तास चालणाऱ्या वाहिन्या आल्या आणि ते बरंचसं मोडलं. फोनमध्ये तर ते उरलंच नाही. पूर्वी इंटरनेटवरही पानाच्या तळाशी "पुढचं पान" असं बटण असायचं. ते दाबायचं की नाही, एवढ्या क्षणभराच्या विचारात माणूस थांबू शकायचा. पान सरकवत राहिलं की नवं काहीतरी आपोआप येत राहील, अशी रचना २००६ मध्ये अझा रास्किन या तंत्रज्ञाने केली आणि तो क्षण गेला. रास्किनने स्वतःच पुढे जाहीरपणे याबद्दल खंत व्यक्त केली आहे. एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा सुरू होणं हा त्यातलाच प्रकार.

काय दाखवतात याची चर्चा खूप झाली. मला प्रश्न पडलाय तो थांबायचं कुणी ठरवायचं याचा.

रानवाट | शनिवार, सकाळी ७.१५

टीव्हीला एवढं सोवळं ठरवू नका. आमच्या घरी टीव्ही सकाळी उठल्यावर लागायचा तो झोपतानाच बंद व्हायचा. बघत कुणीच नसायचं. वडिलांना "घरात आवाज हवा" असायचा, बस.

माझी मुलगी दीड वर्षाची होती. ठोकळे रचत बसायची. दोन-तीन ठोकळे झाले की टीव्हीवर टाळ्या वाजायच्या किंवा जाहिरातीचं संगीत सुरू व्हायचं, तिची मान तिकडे वळायची. एखाद-दोन सेकंदच. पण परत वळली की मघाचा मनोरा तिच्या लेखी संपलेला असायचा, ती दुसरंच काहीतरी उचलायची. मला वाटायचं, पोर चंचल आहे. मग टीव्ही बिघडून आठवडाभर दुरुस्तीला गेला. त्या आठवड्यात तिने नऊ ठोकळ्यांचा मनोरा केला, पाडला, पुन्हा केला. मी दाराआडून बघत उभी होते, आत जायचा धीर होईना, न जाणो तिचं लक्ष मोडेल.

नंतर वाचलं की यावर अमेरिकेत रीतसर प्रयोग झालाय, २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एक, दोन आणि तीन वर्षांच्या मुलांना खेळणी देऊन बसवलं. निम्मा वेळ खोलीत मोठ्यांचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम चालू ठेवला, निम्मा वेळ टीव्ही बंद. मुलं पडद्याकडे फार थोडा वेळ बघत होती, तरीही टीव्ही चालू असताना त्यांचा खेळ तुकड्यातुकड्यांत झाला. पुढच्याच वर्षीच्या एका अभ्यासात दिसलं की असा टीव्ही चालू असला की आईवडीलही मुलांशी कमी बोलतात.

म्हणजे थांबायचं कुणी ठरवायचं हे खरंच, पण टीव्ही लावताना तरी आमच्याकडे कुणी काय ठरवलं होतं?

कवडसा | शनिवार, दुपारी १.०५

रानवाट, ठोकळ्यांचं वाचून पोटात कालवलं.

आमच्या मुलाला आम्ही फोन दाखवत भरवायचो. दोघंही नोकरी करणारे, घास पटापट जायचा, बरं वाटायचं. दोन वर्षांचा झाला तेव्हा त्याला इंग्रजीत वीसपर्यंत आकडे यायचे, रंग यायचे. पाहुणे कौतुक करायचे. पण तहान लागली की "पाणी" म्हणायचा नाही. माझं बोट धरून बाटलीपर्यंत ओढत न्यायचा. हाकेला वळायचा नाही.

एकदा चित्रांचं पुस्तक आणलं. त्याने हत्तीवर बोट ठेवलं आणि बाजूला सरकवलं. चित्र हललं नाही. पुन्हा सरकवलं. मग त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पुस्तक बिघडलंय असं त्याला वाटलं होतं.

वाणी-उपचार करणाऱ्या बाईंनी आधी कानाची तपासणी करून घेतली. (हे सगळ्यांना आवर्जून सांगते. उशिरा बोलणारं प्रत्येक मूल फोनमुळे उशिरा बोलतं असं नाही. आधी कान तपासा, बाकीची कारणं तपासा.) कान ठीक निघाले. मग बाई म्हणाल्या, "शब्द आहेत हो याच्याकडे. पण शब्द कुणालातरी सांगायचे असतात हे त्याला माहीत नाही." पडदा बोलतो, पण उत्तराची वाट बघत नाही. मूल काहीही म्हणो, त्याचं पुढे चालूच.

पॅट्रिशिया कूल या संशोधिकेचा २००३चा प्रयोग त्यांनीच सांगितला. अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर प्रत्यक्ष माणसं बसून खेळत बोलली, काहींना तशाच बोलण्याचा व्हिडिओ दाखवला. समोर माणूस होतं त्या बाळांना त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. व्हिडिओवाली बाळं काहीच शिकली नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यासमोर बसवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाच्या वर नको. आम्हाला हे वेळेवर कळलं असतं तर. फोन बंद केल्यावर पहिले चार दिवस घरात नुसता आकांत होता. आठव्या महिन्यात त्याने पहिल्यांदा "आई, बघ" म्हटलं. आता साडेचार वर्षांचा आहे, तोंडाला दम नाही.

हातवारे | शनिवार, रात्री ९.३०

वरचे प्रतिसाद पटले. पण माझ्या घरातली गोष्ट उलट्या दिशेची आहे.

माझी बायको जन्मापासून कर्णबधिर आहे, तिची बहीणही. लहानपणी घरात सगळे टीव्ही बघायचे तेव्हा ती पडद्यापेक्षा घरच्यांचे चेहरे जास्त बघायची, असं ती सांगते. सगळे हसले की तीही हसायची. काय झालं म्हणून विचारलं की "नंतर सांगते" असं उत्तर मिळायचं, आणि नंतर कुणी सांगायचं नाही. अमेरिकेत टीव्हीवर बोलणं लिहून दाखवणारी, हवी तेव्हा लावता येणारी अक्षरपट्टी १९८० मध्ये नियमित सुरू झाली. आमच्या घरात ती पोचायला फार वर्षं लागली, आणि अजूनही सगळ्या कार्यक्रमांना नसते.

बहिणीचं लग्न होऊन ती लांब गेली. फोनचा या दोघींना उपयोग नव्हता. पत्रं यायची, पुढे मेसेज. पण खुणांची भाषा हीच ज्यांची मातृभाषा, त्यांना लिहिणं म्हणजे परक्या भाषेत बोलणं. पहिल्यांदा व्हिडिओ कॉल लागला त्या दिवशी दोघी पहिली दोन मिनिटं काही बोलल्याच नाहीत, नुसत्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मग जे सुरू झालं ते पावणेदोन तास.

ते बघण्यासारखं असतं. बोलायला दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करायचा. उजेड चेहऱ्यावर आणि हातांवर पडला पाहिजे, म्हणून दिवा डाव्या बाजूला ओढून घ्यायचा. हात ओले असले की ती मानेनेच "थांब" म्हणते. नेट मंदावलं की बहिणीची बोटं पडद्यावर फुटतात, तेव्हा बायको खुणेने सांगते, "तुझे हात तुटले, पुन्हा सांग." भांडतातही. भांडताना हात इतके जोरात चालतात की तांब्या कलंडतो.

पाणवठा, तुमचा प्रश्न थांबण्याचा आहे. या दोघींना मी कधी थांबवलेलं नाही.

तिसरी घंटा | रविवार, सकाळी १०.२०

मी व्हिडिओ संकलनाचं काम करतो, त्यामुळे "संपतच नाही" मागे काय असतं ते रोज बघतो.

प्रत्येक व्हिडिओचा एक आलेख मिळतो: कितव्या सेकंदाला किती लोक निघून गेले. रेघ जिथे खाली येते तिथे आम्ही कात्री लावतो. बोलणारा माणूस दोन वाक्यांमध्ये श्वास घेतो ना, तो श्वास आम्ही कापतो. सुरुवातीला प्रश्न टाकायचा आणि उत्तर शेवटाकडे न्यायचं. दर काही सेकंदांनी पडद्यावर काहीतरी बदललं पाहिजे. तुम्ही म्हणता तो थांबण्याचा क्षण काढून टाकायचे मला पैसे मिळतात. हे लिहिताना बरं वाटत नाहीये.

रानवाटचंही खरं आहे, याची सुरुवात टीव्हीनेच केली. टीव्हीवरची पहिली अधिकृत जाहिरात १ जुलै १९४१ रोजी न्यूयॉर्कमध्ये दाखवली गेली, एका घड्याळाची. तेव्हापासून हिशेब तोच: कार्यक्रम प्रेक्षकाला फुकट, आणि प्रेक्षकाचं लक्ष जाहिरातदाराला विकत. मालिकेचा भाग ऐन मोक्यावर तोडणं हीसुद्धा तीच कला. फरक असा की टीव्हीवाल्याला कोण कधी उठून गेलं हे नेमकं दिसत नव्हतं, आम्हाला दिसतं. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच मांडलं होतं की माहिती जेवढी मुबलक होईल तेवढा लक्षाचा दुष्काळ पडेल. तेव्हा जगात घरोघरी संगणकही नव्हते.

आणखी एक सांगतो. माझे वडील सावकाश बोलतात. वाक्य अर्ध्यावर सोडून खिडकीबाहेर बघतात, मग पुरं करतात. गेल्या वर्षी माझ्या लक्षात आलं की त्यांच्या त्या थांबण्यात माझी बोटं मांडीवर हलतात. तिथे कापायचं असतं म्हणून. तेव्हापासून त्यांच्याशी बोलताना मी हात मागे बांधून बसतो.

उजेड | रविवार, दुपारी ४.४५

सगळ्यांचा आदर राखून मतभेद नोंदवते. धागा भीतीकडे चाललाय.

ऑक्सफर्डच्या एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रशिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता आला. इतकाच.

आणि टीव्हीने काय दिलं हेही बघा. ब्राझीलमध्ये एका मोठ्या वाहिनीचं जाळं जसजसं पसरत गेलं, तसतसं त्या त्या भागातल्या बायकांना होणाऱ्या मुलांची संख्या कमी होत गेली, असं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. मालिकांमधल्या बहुतेक नायिकांना मूल नसायचं किंवा एकच असायचं. कुणी भाषण दिलं नव्हतं. बायकांनी वेगळ्या प्रकारचं आयुष्य नुसतं पाहिलं. शेजारणीच्या, नणंदेच्या, सासूच्या पलीकडचं जग घरात बसून दिसणं ही लहान गोष्ट नाही.

माझं स्वतःचं सांगते. गणितात मी दोनदा नापास झाले होते. वर्गात एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा सगळा वर्ग वळून बघायला लागला. चौथ्यांदा विचारलं नाही. नंतर पंचविशीत, नोकरी करता करता, व्हिडिओवरून बीजगणित शिकले. एक उदाहरण मी अकरा वेळा मागे नेऊन पाहिलं. अकराव्या वेळीही त्या बाईंचा आवाज पहिल्या वेळेइतकाच शांत होता. मी परीक्षा पास झाले. जगात अजून दोनशे कोटींहून जास्त लोक इंटरनेटविना आहेत. "फार झालं इंटरनेट" म्हणताना मला त्यांच्यातल्या माझ्यासारख्या मुली आठवतात.

कवडसा | रविवार, सायंकाळी ६.१०

उजेड, अकरा वेळांचं वाचून फार छान वाटलं, मनापासून. पण ते ०.४ टक्के म्हणजे सरासरी. सरासरी खोली बघून नदीत उतरता येत नाही. आणि तो अभ्यास किशोरवयीन मुलांचा, माझा मुलगा दोन वर्षांचा होता.

उजेड | रविवार, सायंकाळी ६.२५

मान्य. लहान मुलांबद्दल माझा काही वाद नाही.

जुनी वही | सोमवार, सकाळी ६.००

सर्वांचे प्रतिसाद वाचले. मी निवृत्त शिक्षक आहे.

कॅनडातल्या एका गावाचा अभ्यास मी शिकवत असे. दरीत असल्यामुळे त्या गावात १९७३ पर्यंत टीव्हीच पोचला नव्हता. संशोधकांनी गावाला "नोटेल" असं टोपणनाव दिलं, टीव्ही येण्याआधी पाहणी केली आणि दोन वर्षांनी पुन्हा केली. जवळच्या, टीव्ही असलेल्या दोन गावांशी ताडून पाहिलं. टीव्ही आल्यावर मुलांच्या मारामाऱ्या वाढल्या, नव्या कल्पना सुचण्याच्या चाचणीत मुलं मागे पडली. पण मला कायम लक्षात राहिली ती तिसरी गोष्ट: गावातल्या कार्यक्रमांना, खेळांना माणसं कमी यायला लागली, आणि त्यात वयस्कर मंडळी सगळ्यांत जास्त घरी बसली. पाणवठा, तुमच्या आईंविषयी वाचताना हे आठवलं.

आता जे लिहितो ते कबूल करायला मला दोन वर्षं लागली.

आमच्या जुन्या मित्रांच्या गटात एक संदेश आला होता. रक्तदाबाच्या गोळ्या घरगुती उपायाने कायमच्या बंद करता येतात, असा. खाली डॉक्टरचं नाव, पदव्या. मी तो न तपासता पुढे पाठवला. चाळीस वर्षं मुलांना "आधी पुरावा, मग उत्तर" शिकवलेला मी. माझ्या एका मित्राने गोळ्या बंद केल्या. सातव्या आठवड्यात तो न्हाणीघरात पडला. पक्षाघात. जीव वाचला, पण डावा हात अजून अर्धाच उचलतो. मी भेटायला गेलो तेव्हा तो रागावला नाही. म्हणाला, "तू पाठवलं होतंस, म्हणून खरं वाटलं."

एमआयटीच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्या तपासल्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली. त्यांना वाटलं होतं की ही आपोआप संदेश पाठवणाऱ्या यांत्रिक खात्यांची (बॉट) करामत असेल. ती खाती वगळून पाहिलं तरी निष्कर्ष बदलला नाही. ती पसरवणारी माझ्यासारखी माणसंच होती.

टीव्हीवर चूक झाली तर वाहिनीला जाब विचारता येतो. माझ्या चुकीचा जाब मला कुणी विचारला नाही, म्हणून इथे लिहिलं.

रानवाट | सोमवार, सकाळी ८.३०

काका, हे लिहायला मोठं धैर्य लागतं. मी आजच घरच्या गटात तुमचा प्रतिसाद वाचून दाखवणार आहे. चालेल ना?

जुनी वही | सोमवार, सकाळी ९.१०

जरूर. मित्राचीही हरकत नाही, त्याला विचारूनच लिहिलं.

पाणवठा | त्यानंतरचा रविवार, रात्री १०.१५

उशिरा येतेय, क्षमा असावी. मधल्या दिवसांत बरंच झालं.

हातवारे, तुमच्या प्रतिसादातलं "सगळे हसले की तीही हसायची" हे वाक्य वाचलं आणि दुसऱ्या दिवशी रात्री मी टीव्हीऐवजी आईकडे बघत बसले. तिने पडद्याकडे बघितलंच नाही. आमच्याकडे बघत होती. मुलं हसली, मग ती हसली, अर्ध्या क्षणाने उशिरा.

ती झोपायला गेल्यावर मागोमाग गेले आणि विचारलं. आधी उडवून लावलं. मग म्हणाली, "तुम्ही आवाज मोठा करता तेव्हा मुलं कुरकुरतात. परत परत काय म्हणाला, काय म्हणाला विचारायची लाज वाटते गं. फोनवर कसं, कानातच बोलतात, नीट कळतं." उजेड, तुमचा वर्ग आठवला मला.

म्हणजे दीड-दोन वर्षं ती आमच्यातून उठून हळूहळू त्या खोलीत गेली आणि मला दिसला तो फक्त दाराखालचा उजेड. धागा काढताना मी फोनलाच धरून बसले होते.

गुरुवारी कान तपासून आणले. दोन्ही कानांची श्रवणशक्ती कमी झालीय, बारीक पट्टीतले आवाज जास्त गेलेत. श्रवणयंत्र पुढच्या आठवड्यात मिळेल. आपोआप सुरू होणारे व्हिडिओ मी तिच्या परवानगीने बंद केलेत. एक संपला की आता पडदा काळा होतो. तरी या आठवड्यात दोन रात्री ती जागीच होती, ते एकदम जाणार नाही.

हातवारे, एक विचारायचं होतं. टीव्हीवर अक्षरपट्टी लावली, पण अक्षरं बारीक आहेत आणि पांढऱ्या दृश्यावर पांढरी अक्षरं दिसतच नाहीत. यावर काही करता येतं का?

हातवारे | रविवार, रात्री १०.४०

येतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये "ॲक्सेसिबिलिटी" नावाचा भाग असतो, त्यात किंवा "सबटायटल" मध्ये शोधा. अक्षरांचा आकार मोठा करा, आणि अक्षरांमागे काळी पट्टी लावायचा पर्याय असतो तो चालू करा. अक्षरं पांढरीऐवजी पिवळी करून बघा, माझ्या बायकोला ती जास्त बरी वाटतात. आईंना पडद्याच्या अगदी समोर बसवा, कडेला नको. पहिले काही दिवस वाचता वाचता चित्र निसटतं, त्याची सवय होते.

आणि मुलांना सांगा, आजी हसेपर्यंत चॅनेल बदलू नका.

पाणवठा | रविवार, रात्री ११.०५

पिवळी केली. वाचतेय.